रुस्तमचं गाव

चोपड्याच्या स्टँडवर आबा मला सोडायला आले, पण लक्ष सगळं शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे. "कोनतं गाव शे भाऊ तुमनं?" पाच मिनिटांत तो आमच्या आत्याच्या दिराचा साडू निघाला आणि मला एसटीत खिडकीची जागा मिळाली. वडिलांचं हे नेहमीचंच. निघताना मला म्हणाले, "पोऱ्या, कोठेबी जाय, पहिले गाव सांगजो. वळख निंघसच." मी चाललो होतो ताजिकिस्तानात, दुशान्बेला, डॉक्टर व्हायला.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग सोव्हिएत युनियन मोडलं आणि ताजिकिस्तान स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य म्हणजे झेंडा आणि जिलेबी, एवढंच मला ठाऊक. हॉस्टेलमधला माझा रूममेट रुस्तम मात्र काळजीत पडला. मॉस्कोचा हात निघाला, आता खुर्ची कुणाची, असं तो विचारायचा. इतकी वर्षं ती उत्तरेकडच्यांनीच धरून ठेवलेली. त्याच्या आजोबांना डोंगरातून ट्रकमध्ये घालून खाली कापूस पिकवायला आणलं होतं, आणि खालचे लोक त्यांना अजून उपरेच म्हणत. पावाला रांगा, तरुणांना काम नाही, त्यात कुणीतरी बंदुका वाटल्या. बघता बघता माणूस कुठल्या गावचा यावर त्याचा जीव ठरू लागला.

एका दुपारी पाव शोधायला आम्ही बसने निघालो. वाटेत त्या खालच्या लोकांच्या बंदूकवाल्यांनी बस अडवली. रुस्तमने गाव लिहिलेला पासपोर्ट मुद्दाम खोलीवर ठेवला होता. "मी इथलाच, शहरातला," तो शांतपणे म्हणाला. त्यांना ते पटलंही. मग एकजण माझ्याकडे वळला. मी घाबरून तोंड उघडलं ते थेट आबांसारखं. "मी हिंदुस्थानातला, गाव चोपडा. आम्ही कापूसवाले. याच्या गावीही कापूसच," असं म्हणत मी रुस्तमच्या गावाचं नाव सांगून बसलो. वाटलं, हीही शेतकऱ्यांचीच पोरं असतील, ओळख निघेल.

निघाली. रुस्तमला खाली उतरवलं. उतरताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. बस सुटली. तो परत आला नाही.

आता मी शेजारच्या देशात, ताश्कंदमध्ये डॉक्टर आहे. पुलाव खातो, पेशंटवर रशियनमध्ये ओरडतो, आणि कुणी गाव विचारलं की अजून विषय बदलतो. तुमच्यातले जे आखातात, अमेरिकेत गेले ते मला, पुढे कुठे गेलो नाही म्हणून, भित्रा म्हणतात. म्हणोत बापडे.

रुस्तमची आई निर्वासितांच्या छावणीतून गावी परतली आहे आणि मुलाची वाट पाहते, असं कळलं. तिला खरं लिहायला हवं, पण धीर होत नाही. म्हणून आधी तुम्हा घरच्यांना लिहितोय. आबांना वाचून दाखवा, पण त्यांना बोल लावू नका. जीभ माझी होती. हे सगळं ऐकूनही मला जिथे आत घेतील, ते माझं घर, एवढंच आता कळतं. घ्याल ना?