भर उन्हातल्या छत्र्या

नवं रडार आलं त्या वर्षी कोपरखैरण्यात मला सगळे ओळखायला लागले. त्याआधी मी आमच्या गल्लीतली एक साधी बाई होते, संध्याकाळी कामावरून येताना कोथिंबिरीची जुडी घासाघीस करून घेणारी. मी एका नियंत्रण कक्षात फोनवर बसते. झाड पडलं, नाला तुंबला, सोसायटीत साप निघाला, की लोक आमचा नंबर फिरवतात. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो, ओरडत असतो. मी आधी पत्ता विचारते, मग काय झालं ते. पत्ता सांगता सांगता माणूस निम्मा शांत होतो, हे मला या कामानं शिकवलं.

रडार बसलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. एका उंच इमारतीच्या गच्चीवर मोठा पांढरा गोळा उभा राहिला आणि त्यातलं चित्र लोकांना मोबाइलवर दिसायला लागलं. हिरवं म्हणजे थोडा पाऊस, पिवळं म्हणजे जास्त, लाल म्हणजे घरात बसा. हवामानाचं काम बघणाऱ्या आमच्या मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं की रडार आभाळात लहरी सोडतं, त्या थेंबांवर आपटून परत येतात आणि त्यावरून पाऊस कुठं आहे ते कळतं. मॅडम माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, पण शिकलेल्या आणि मनानं सरळ. पाऊस पडणार असेल तर त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्या शहराला मेसेज पाठवायचा, असं ठरलं.

पहिला मेसेज गेला त्या दुपारी लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या वेळी रडारवर काहीच नव्हतं आणि तुर्भ्याच्या बाजारात कांद्याच्या गोणी भिजल्या. मग तर हे नेहमीचंच झालं. एकदा सकाळी अख्खं घणसोली आणि तळवली लाल दिसलं, शाळा लवकर सोडल्या, कारखान्यांतल्या आया अर्धी पाळी टाकून पोरांना न्यायला धावल्या आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम होता, पावसाचा थेंब नव्हता. त्या दिवशी मी इतक्या शिव्या ऐकल्या की कानातून हेडफोन काढला तरी आवाज येत राहिला.

लोकांनी त्या पांढऱ्या गोळ्याचं नाव भोपळा ठेवलं. परीक्षेत मिळतो तो भोपळा. गल्लीत मला थांबवून विचारायचे, "ताई, आज भोपळा काय म्हणतो?" समोरच्या घरातल्या वहिनी तर सरळ म्हणायच्या, "तुमचा मेसेज आला की मी गोधड्या धुवायला काढते. हमखास वाळतात." मी हसायचे. पण खरं सांगायचं तर आत कुठंतरी लागायचं. माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलायचे. मराठवाड्यातून इथं आले तेव्हा त्यांना या शहरात कुणी नावानं ओळखत नव्हतं. त्यांच्या मुलीनं काचेच्या खोलीत बसून शहराला सावध करावं, याचं त्यांना फार कौतुक होतं. आणि आता ते सावध करणं म्हणजे गल्लीतला विनोद झाला होता.

घरी मी कुरकुर केली की नवरा म्हणायचा, "टेन्शन नको घेऊस. रडार काय तू बनवलंस?"

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी आमच्या कार्यालयाच्या गेटवर मोर्चा आला. भर उन्हात सगळ्यांनी छत्र्या उघडल्या होत्या. काळ्या, फुलाफुलांच्या, मोडक्या काडीच्या, कुणाकडं तर पानाच्या टपरीवरची भलीमोठी छत्री. घोषणा कमी आणि हसणंच जास्त चाललं होतं, पण राग खरा होता. एक आई पुढं येऊन म्हणाली, "माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला, तो तुमच्या भोपळ्याकडून घेऊ का?" तिच्यामागं टाळ्या पडल्या. मी खिडकीतून बघत होते. तिसऱ्या रांगेत आमच्या घरची निळी छत्री दिसली, आणि तिच्याखाली माझा नवरा.

मी तडक खाली गेले. "तू इथं?"

तो ओशाळला. "सोसायटीनं ठरवलं, प्रत्येक घरातून एक माणूस. मी काय तुझ्याविरुद्ध आलेलो नाही."

"मग कुणाविरुद्ध?"

"रडारविरुद्ध," तो म्हणाला, आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली. त्याच्या शेजारी उभे असलेले पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ खो खो हसायला लागले. "बेटी, घरातलाच माणूस मोर्च्यात आला म्हणजे आमचं काम झालं," ते म्हणाले.

ते गृहस्थ कामोठ्याचे. मूळ रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे, कोकणी मुसलमान. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न दिवाळीच्या आधी ठरलं होतं आणि ते मोकळ्या मैदानात करायचं होतं, कारण गावाकडचे सगळे येणार आणि हॉलमध्ये तेवढी माणसं मावायची नाहीत. "परतीचा पाऊस कधी टपकेल त्याचा भरवसा नाय," ते म्हणाले. "म्हणून रोज तुमचं ते रंगीत चित्र बघतो. काल आमच्या कामोठ्यावर लाल होतं. मी गच्चीत गेलो, वर चांदणं."

मी सहज विचारलं, "चाचा, तुम्ही तर समुद्राकाठचे. तुम्हाला आभाळ बघून नाही कळत?"

"अगं, आयुष्य जहाजावर गेलं माझं, पण सगळं इंजिन रूममध्ये. आभाळ बघायला वर सोडलंय कोण?"

एवढ्यात मॅडम बाहेर आल्या. आमच्या साहेबलोकांपैकी कुणीही बाहेर यायला तयार नव्हतं, त्या आल्या. हातात माइक नव्हता, म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागलं. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. रडार चुकतंय." लोक एकमेकांकडं बघायला लागले. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं आधीच कबूल केलं की त्याची पंचाईत होते. मग मॅडमनी सांगितलं की लहरी डोंगरावर आणि नव्या टॉवरांवर आपटून परत येतात आणि रडारला तोच पाऊस वाटतो. काही बाजूंना टॉवर आड येतात, तिथला खरा पाऊस त्याला दिसतच नाही. दुरुस्ती करावी लागेल, वेळ लागेल.

"मग तोवर आम्ही काय करायचं?" ती पगार कापलेली आई म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "तोवर जे आम्हाला माहीत नाही, ते माहीत नाही म्हणून सांगू. खोटा मेसेज जाणार नाही."

कुणीतरी पाठीमागून "बघू, बघू," म्हणालं, आणि छत्र्या हळूहळू मिटल्या. नवरा निळी छत्री माझ्या हातात देऊन कामावर गेला. चाचा मात्र माझ्याकडून कक्षाचा नंबर घेऊन गेले.

त्यानंतर त्यांचा रोज फोन. दुपारच्या जेवणाचा डबा उघडला की घंटी वाजायची आणि शेजारच्या फोनवरची मैत्रीण म्हणायची, "घे, तुझे चाचा." आधी पावसाची चौकशी, मग इकडचं तिकडचं. मुलगी रुसलीय, तिला मेंदी काढणारी बाई पसंत नाही. जावई भला माणूस आहे, पण फार हळू बोलतो. खाटकानं शब्द दिलाय. त्यांच्या बायकोला मांडवाला पिवळं कापड हवं होतं, त्यांना हिरवं. मला ते लग्न आता इतकं ठाऊक झालं होतं, जणू माझ्याच माहेरचं.

आणि नेमक्या लग्नाच्या आठवड्यात रडार दुरुस्तीसाठी बंद झालं. मोबाइलवरचं चित्र कोरं. फोन सुरू झाले. आमच्या एका वरिष्ठांचं म्हणणं पडलं की लोकांना सांगा, 'हलक्या सरींची शक्यता', म्हणजे पडला तरी आपण बरोबर आणि नाही पडला तरी. मॅडम म्हणाल्या, "नाही. मी गेटवर शब्द दिलाय." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांची नोकरी नवी, समोरचा माणूस मोठा. पण त्या हलल्या नाहीत, आणि वरिष्ठ शेवटी "तुमची जबाबदारी" म्हणून निघून गेले. त्या दिवशी मला मॅडमविषयी जे वाटलं ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

दुपारी चाचांचा फोन आला.

"बेटी, शुक्रवारचं काय?"

"चाचा, रडार बंद आहे. दुरुस्तीला उघडून ठेवलंय."

"बंद? माझ्या मुलीच्या लग्नातच?"

"हो. सगळ्या जिल्ह्याचा अंदाज तेवढा आहे. गडगडाटासह पाऊस येऊ शकतो. तुमच्या मैदानावर येईल का, ते मला माहीत नाही."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मागं भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "कापडाचा मांडव ठरलाय. तूच सांग, काय करू?"

असा सल्ला द्यायचं माझं काम नव्हतं. तरी मी बोलून गेले, "माझ्या बहिणीचं लग्न असतं तर मी वर पत्रे घातले असते."

"बायको पिवळ्या कापडासाठी माझ्याशी बोलायची बंद होईल," ते म्हणाले, आणि मग, "पण तू बहीण म्हणालीस, तर शुक्रवारी यायचं. तुमच्या त्या मोर्चेवाल्या साहेबांनाही घेऊन."

शुक्रवारी आम्ही स्कूटरवरून कामोठ्याला गेलो. मी पैठणी काढली होती आणि पदर सांभाळता सांभाळता सगळा रस्ता आभाळाकडं बघत होते. आभाळ निळंशार. मैदानात पत्र्यांचा मांडव उभा, आतून पिवळं कापड ताणलेलं, म्हणजे पत्रेही आले आणि बायकोचं मनही राखलं. आत उकाडा असा की पंखे गरम वारा फेकत होते. चाचा कोट घालून घामाघूम झाले होते. मला बघून म्हणाले, "आली बघा, पत्रेवाली." आजूबाजूचे हसले. मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. आता पाऊस पडला नाही तर या माणसांना मी उगाच भाजून काढलं असं होणार होतं.

मला बायकांकडं नेलं. चाचींनी मला कुठं ठेवू अन् कुठं नको असं केलं, नवरीजवळच बसवलं. नवरी खाली मान घालून बसलेली, हात मेंदीनं कोपरापर्यंत भरलेले. मी तिला म्हटलं, "मेंदी छान आलीय. शेवटी आवडली ना मेंदीवाली?" तिनं चमकून वर बघितलं. "तुमाला कसं माहीत?" मी म्हटलं, "मला सगळं माहीत आहे, रडार सोडून." ती तोंडावर हात ठेवून हसली.

निकाहाची वेळ झाली आणि उजेड एकदम गेला. वाऱ्याचा एक झोत आला, कुणाची तरी ओढणी उडाली आणि मग पत्र्यांवर पाऊस असा कोसळला की शेजारी बोललेलं ऐकू येईना. त्याच गडबडीत नवरीची संमती विचारायला तिचे मामा दोन साक्षीदारांना घेऊन आले. त्यांनी वाकून विचारलं. नवरी लाजत काहीतरी म्हणाली. मामांनी कानामागं हात धरला. "काय?" ती पुन्हा म्हणाली. मामांनी साक्षीदारांकडं बघितलं, त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नाही. चाची वैतागून म्हणाल्या, "थांबा, पाऊस कमी होऊ द्या." पण नवरीचा धीर सुटला असावा. तिनं मान वर केली आणि दोन्ही मेंदीचे हात तोंडाभोवती धरून ओरडली, "कबूल! कबूल! कबूल!"

नेमका त्याच क्षणी पाऊस ओसरला होता. शेवटचं 'कबूल' पुरुषांच्या मांडवापर्यंत गेलं. तिकडं हशा आणि टाळ्या. नवरीनं चेहरा माझ्या खांद्यात लपवला. तिचं सगळं अंग हसण्यानं हलत होतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते मलाही सांगता येणार नाही.

मांडवात कुठं थेंब गळला नाही. बाहेर मैदानात चिखल झाला, पण पंगती आत बसल्या आणि हवा गार झाली. चाचा प्रत्येक पाहुण्याला माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होते. काय सांगत होते कोण जाणे. लोक येऊन मला सलाम करून जात होते. माझा नवरा तोवर हळू बोलणाऱ्या जावयाशेजारी बसून तिसऱ्यांदा बिर्याणी घेत होता.

रडारची दुरुस्ती झाली ती थंडी पडल्यावर, तेव्हा पाऊसच नव्हता, त्यामुळे कुणाला कौतुक नाही. या वर्षी ते बरं चाललंय. अजून चुकतं, पण पारसिकच्या डोंगरावर रोज पाऊस दाखवत नाही. चुकलं की मॅडम मेसेज टाकतात, 'आमचा अंदाज चुकला', आणि गंमत म्हणजे त्या मेसेजला लोक अंगठ्याचं लाइक देतात. माझे फोन कमी झालेत असं नाही. झाडं पडतात, साप निघतात.

लग्नाच्या दिवशी निघताना चाचींनी सांदणांचा डबा माझ्या हातात ठेवला होता, नारळाच्या दुधातली वाफवलेली गोड तांदळाची. वाटेत पुन्हा सर आली म्हणून आम्ही एका पुलाखाली थांबलो. इतर स्कूटरवालेही थांबले होते. नवऱ्यानं डबा उघडला. "घरी नेऊन सगळ्यांना देऊ," मी म्हटलं. तो म्हणाला, "देऊ की," आणि एक सांदण माझ्या तोंडात घातलं. ते अजून कोमट होतं.