शतपुष्पा भाजी केंद्र

केडगावच्या पुष्पावतीला नाव चिकटलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. पाहुण्यांसाठी नव्या नवरीनं हौसेनं शेपूची भाजी केली, दिरानं नाक दाबलं, आणि सगळी आळी तिला शेपूबाई म्हणायला लागली. पुढं तिनं घराच्या ओट्यावरच भाजीचं दुकान टाकलं, मग तर बघायलाच नको.

तीस वर्षं तिनं ते गिळलं. पण येत्या रविवारी पोराचं, अंगदचं, लग्न. दारात आलेल्या सुनेच्या कानावर पहिलं हेच पडणार, या धास्तीनं तिचं बूड काही एका जागी टेकेना.

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या सत्यशीलाबाई शेपूची जुडी घ्यायला आल्या, तर त्यांच्यापुढंही हेच रडगाणं.

"अगं, चिडतेस कशाला? शेपू म्हणजे मूळची शतपुष्पा. शंभर फुलांची. लोकांच्या तोंडात झिजून झिजून शतचा झाला शे आणि पुष्पाचा पू."

"म्हंजी बाई, माझं नाव त्येच्यातच हाय?"

"तुझ्यात नुसती फुलं. तिच्यात शंभर."

झालं. त्याच संध्याकाळी दुकानावर पाटी चढली. येईल त्याला ताकीद, मला शतपुष्पाच म्हनायचं. नवरा, सहादेव, पाटीकडं बघत म्हणाला, "आता हाक मारायच्या आदी घोटभर पानी प्यावं लागंल."

सोमवारी गिऱ्हाइकांनी जीभ सांभाळली. मंगळवारी दूधवाला शेतपुष्पा म्हणाला. बुधवारी शेपुष्पाबाई. ही एकेकाला दुरुस्त करत राहिली, आणि त्या नादात एकीच्या पिशवीत वांग्यांऐवजी मिरच्या गेल्या. गुरुवारी आतून सहादेवची हाक आली, "शेपू, च्या टाक."

"काय म्हनलं?"

"गाव जितं पोचलं, तितं मी बी पोचलो."

शेकडो वर्षांचं काम केडगावानं चार दिवसांत उरकलं. पुष्पावतीला दोन रात्री डोळा लागला नाही.

रविवारी वरात दारात आली. पुष्पावतीनं ओवाळायला तबक धरलं, आळीतल्या बायकांकडं डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात सून, जया, वाकून तिच्या कानाशी लागली.

"आई, ह्यांनी सांगितलं होतं, शेपूबाईचं दुकान कुणालाही विचार. पाटी बघून मला वाटलं, घर चुकलं."

पुष्पावतीनं तबक तसंच अधांतरी धरलं.

"अंग्या," ती म्हणाली.

अंगद हळूच बायकोच्या मागं सरकला.