रिजेक्ट झालेलं ऑर्किड

चिंचवडच्या चाळीत आमच्या समोर एक क्वालिटी इन्स्पेक्टर राहायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तेही त्यानं तपासूनच दिलं असतं. कंपनीत दिवसभर माल रिजेक्ट करून साहेबांचं मन भरायचं नाही, म्हणून घरी ऑर्किड होतं.

ते बायकोनं कोकणातल्या माहेराहून आणलेलं. बाळंतपणाला जाताना ती बजावून गेली, "मी येईपर्यंत हे जगलं पाहिजे हं." मातीत मुळं कुजतात म्हटल्यावर साहेबांनी विटेचे तुकडे घातले, मग कोळसा, मग नारळाच्या सालीचे तुकडे. दर रविवारी झाड उपटायचं, मुळं खिडकीशी धरायची, एक डोळा मिटायचा. "पकड नाही. रिजेक्ट!" मी ही नक्कल केली की चाळ लोळायची.

"साहेब, पकडायला वेळ तरी द्या."

"तपासल्याशिवाय कळणार कसं, राव?"

माणूस वाईट नव्हता. पास म्हणायची त्याला भीती वाटायची, एवढंच.

बायकोला आणायला गेला तेव्हा ती नारळाच्या सालीची कुंडी माझ्याकडे ठेवली. तेवढ्यात कंपनीत टाळेबंदी झाली आणि तो दोन महिने तिकडेच राहिला. मी पक्का आळशी. कुंडी खिडकीत, आठवलं तर पाणी.

परत आल्या आल्या त्यानं झाड ओढलं, तर अख्खी कुंडीच वर आली. खांद्यावर बाळ घेतलेली बायको खुदकन हसली. हा मात्र घामाघूम.

"काय केलंत?"

"काहीच नाही."

त्यानं खिशातली पेन्सिल काढली. "म्हणजे नक्की किती काहीच नाही?"