शिंग कापताना ऐकलेलं

बैलाच्या उजव्या नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं आणि बाई माझ्याशी नवऱ्याबद्दल बोलत होती. माझं डोकं फिरलं. दिग्रसचा बाजाराचा दिवस, दवाखान्याबाहेर गुरांची ही गर्दी, आणि डॉक्टर मी एकटा. मी म्हणालो, "बाई, घरचं राहू द्या. बैलाचं सांगा. रक्त कधीपासून येतं?"

"तेच तर सांगून राह्यली ना सायेब," ती म्हणाली.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात व्हेटर्नरी ऑफिसर होतो. लोक आम्हाला 'ढोर डाक्टर' म्हणत, आणि माणसांचे डॉक्टर असलेले माझे मित्र ते जरा जास्तच चवीने म्हणत. बाईचं नाव सोनीबाई. गावापासून दूर, आतल्या अंगाला एक तांडा होता, तिथली. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. बैलाची पारख यांना शिकवावी लागत नाही. म्हणूनच मला कळेना, अशा घरातला बैल इतका उशिरा कसा आला?

त्याचं उत्तर नवऱ्यात होतं. गोठ्याचं सगळं तोच पाहायचा. रूपला त्याचं नाव. आदल्या वर्षी त्याच्या गालाला आतून जखम झाली, तंबाखूचा विडा धरायचा नेमक्या त्याच जागी. जखम भरेना. यवतमाळच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे आधी दात काढले, मग गाल आणि अर्धा जबडा काढला, मग विजेचा शेक दिला. कॅन्सर गेला, घरी जा, असं सांगितलं. तांड्याने आनंदाने बोकड कापला. आणि रूपला जो घरात जाऊन बसला तो बसलाच. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, तोंड भिंतीकडे. बायकोसमोरसुद्धा जेवत नाही. झोपत नाही, बोलत नाही, गोठ्यात पाऊल टाकत नाही. बैल डोकं झाडतो, शिंग खुंट्याला घासतो, हे सोनीबाईने पाहिलं होतं, पण तिला वाटलं माशा असतील.

"दुखनं गेलं सायेब, पन मानूस काही वापस आला नाही," ती म्हणाली. मी बैलाकडे वळलो.

चांद्या त्याचं नाव. पांढरा, वयाने उतरलेला, पण हाडापेराने उमदा. मान उजवीकडे कललेली. शिंगाच्या बुडाला हात लावला तर गरम. बोटाने वाजवून पाहिलं. निरोगी शिंग पोकळ वाजतं, हे भरल्या मडक्यासारखं बद्द वाजलं. शिंग म्हणजे वरून टरफल आणि आत हाड. हाडाच्या आत पोकळी असते, आणि ती कपाळातून नाकापर्यंत जाते. आत काही वाढायला, सडायला लागलं की रक्त नाकातून उतरतं. आपल्याकडच्या पांढऱ्या बैलांना हा रोग फार.

महादेव हा आमचा ड्रेसर, मलमपट्टी करणारा. तो बाईकडे पाठ करून पुटपुटला, "सायेब, नाव नका घेऊ." पण बाईला आमच्या तोंडावरूनच समजलं. तेच हाये का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तेच आहे, शिंगाचा कॅन्सर आहे, बुडापासून कापावं लागेल. तिने चांद्याच्या वशिंडावर हात ठेवला. मग म्हणाली, कापा, पण आमच्या तांड्यावर येऊन कापा, आणि घरच्याच्या कानावर रोगाचं नाव जाऊ देऊ नका, तो तेवढ्यानंच जाईल. मी कबूल केलं. कापल्यावर बैलाला एवढं अंतर चालवणं मलाही नको होतं.

त्याच आठवड्यात जिल्ह्याचे साहेब इन्स्पेक्शनला आले. माणूस वाईट नव्हता, पण भानगड म्हटली की त्यांना घाम फुटे.

"म्हातारा बैल, त्यात कॅन्सर. कशाला हात घालता? परत उगवतो तो. मेला तर तांडा आपल्या नावाने शिमगा करील."

"नाही कापलं तर मरतोच सर."

"बरं, कापा. पण रिपोर्टात 'बरा झाला' असं लिहू नका. 'ऑपरेशन केलं' एवढंच लिहा."

मी मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घातल्या आणि सायकलला पेटी बांधली.

तांड्यावर पोचलो तर लिंबाच्या सावलीत कडबा पसरून ठेवलेला. बैलाला आडवं पाडावं लागतं. अंगाभोवती दोर एका खास पद्धतीने गुंडाळून मागून ओढला की तो आपोआप बसतो. पण चांद्या बसेना. दोर पाहताच तो असा बिथरला की महादेव एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. तांड्यातले चार धट्टेकट्टे गडी लोंबकळले, तरी ऐकेना. धडपडीत शिंग कशाला लागलं असतं तर रक्त आवरलं नसतं. मी सगळ्यांवर ओरडलो. आणि ओरडता ओरडता पाहिलं तर सगळे माझ्या मागे पाहत होते.

झोपडीच्या दारात दुपट्टा गुंडाळलेला माणूस उभा होता. उन्हाची सवय गेल्यामुळे त्याने डोळे बारीक केले होते. तो हळूहळू बैलापाशी आला, मी वाजवलं तसंच बोटाने शिंग वाजवलं आणि कान लावून ऐकलं. मग माझ्याकडे वळला.

"कॅन्सर हाये?"

सोनीबाई माझ्याकडे पाहत होती. मी तिला शब्द दिला होता. पण ज्याने आत्ताच शिंग वाजवून ऐकलं, त्याच्याशी खोटं काय बोलणार? मी म्हटलं, "होय."

त्याने मान हलवली. चांद्याच्या कपाळावर तळवा ठेवला, कानाशी काहीतरी बोलला, आणि आम्हाला दोर ओढायची खूण केली. मघाशी सहा जणांना न आवरलेला बैल मुकाट खाली बसला आणि आडवा झाला. रूपलाने मांडी घालून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

आपसात ते लोक गोरबोली बोलतात, ती मला कळत नाही. पण चांद्या कुणब्याच्या घरचा, दिग्रसच्या बाजारातून घेतलेला. त्याला वऱ्हाडीच कळते अशी रूपलाची पक्की समजूत, म्हणून त्याच्याशी तो वऱ्हाडीच बोले. अर्धा जबडा नसल्याने शब्द अर्धे लाळेत जात होते. तरी मी त्याच्या इतक्या जवळ वाकलो होतो की मला सगळं ऐकू आलं.

"आता डाक्टर सुई टोचन. मंग तिकडचं आंग आपलं नाही वाटत."

मी तेच करत होतो. डोळ्याच्या कडेपासून शिंगाकडे एक नस जाते, तिच्याजवळ औषध सोडलं की शिंग बधिर होतं. मग मी तारेची करवत लावली.

"आवाज येईल. थो बाहेरून नाही येत, डोक्याच्या आतून येते. माहे दात काढले तवा असाच आलता. भेवू नको, दुखत नाही, नुसता आवाजच असते."

मी तोवर कितीतरी शिंगं कापली होती. करवतीचा आवाज आतून कसा येतो हे मला आजवर कोणत्या बैलाने सांगितलं नव्हतं. माझे हात चालू होते, पण कान त्याच्याकडे लागले होते. गरम पाण्याचं भांडं घेऊन उभी असलेली सोनीबाई ते खाली ठेवून तिथेच मटकन बसली. कितीतरी महिन्यांनी ती नवऱ्याचं बोलणं ऐकत होती.

"मंग फडकं बांधतीन. समदे म्हनतीन बरा झाला. तुले नाही वाटनार बरं. सकाळी उठलं का पयलं तेच वाटन, आलं का परत? खातानी तेच, पानी पेतानी तेच. कोनाले सांगता येत नाही. सांगतलं त म्हनतीन, आता काय झालं, तू त बरा हायेस. मंग गुमान बसा लागते. तू नको बसू. भेव वाटलं का माह्याकडं पाह्य. मले मालूम हाये."

शिंग सुटून महादेवच्या हातात आलं. मला रडू येत होतं आणि हात रक्ताने भरलेले, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. नोकरीत मी पुष्कळ मोठमोठी माणसं पाहिली, मंत्री पाहिले, विलायतेहून आलेले प्रोफेसर पाहिले. कोणासमोर माझी मान आपणहून वाकली असेल तर ती त्या दिवशी. जो आपलं दुःख बायकोलाही सांगू शकला नाही, तो ते एका जनावराची भीती घालवायला उघड करत होता.

शिंग काढल्यावर कपाळात भोक पडतं आणि बैल श्वास घेतो तसा त्यातून वारा येतो. बघणारे घाबरले. रूपलाने मात्र भोकासमोर हात धरला, तो गरम वारा हातावर घेतला आणि म्हणाला, "जिता हाये." मी भोकात औषधाचा कापूस भरला, पट्टी बांधली, वरून डांबर लावलं. डांबराने माशा येत नाहीत. माशा बसल्या की अळ्या पडतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

हात धुताना तो माझ्याजवळ आला.

"परत येते का हो हे?"

कोणाबद्दल विचारतोय ते मला कळलं. साहेबांचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "येतो कधी कधी. कधी नाहीच येत. आज दिसलं तेवढं सगळं काढलंय. रोज कोणीतरी पाहत राहिलं तर आला तरी लवकर सापडेल."

"अन् आला त?"

"तर मला बोलवा. दोघं मिळून पाहू."

मी विचारलं, मुंबईच्या डॉक्टरांना हे विचारलं होतं का. तो म्हणाला, "नाही इचारलं. भेव वाटलं, ते खरं सांगतीन."

पट्ट्या बदलायला महादेव दोनदा जाऊन आला, पण त्याला काही काम उरलं नव्हतं. रूपला रोज स्वतः पट्टी सोडून पाहायचा, धुवायचा, बांधायचा. भीती गेली का? नाही गेली. सोनीबाई एकदा बाजारात चहाच्या टपरीवर भेटली तेव्हा म्हणाली, अजूनही कधी कधी दोन-दोन दिवस बोलत नाही. पण आता तो भिंतीकडे नाही, गोठ्यात जाऊन बसतो, आणि संध्याकाळी आपणहून सांगतो की आज लय भेव वाटलं. ती त्याच्यासमोर जेवायला बसते, तो दुपट्टा सोडून जेवतो. हे सांगताना तिचा चेहरा असा काही झाला की मी चहाचे पैसे द्यायचेच विसरलो.

सुगीनंतर एका बाजाराच्या दिवशी रूपला स्वतः गाडी हाकत आला. एकशिंगी चांद्या जुवाखाली होता. जखम स्वच्छ भरली होती. मी बुडाला हात लावून पाहिलं, दाबून पाहिलं, काही नव्हतं. मी 'झालं' म्हटलं आणि पुढच्या म्हशीकडे वळलो. रूपला हलेना. गुरांच्या त्या रांगेत, सगळ्यांसमोर, त्याने तोंडावरचा दुपट्टा सोडला.

"आता माही मान पाहा."

"रूपलाभाऊ, मी ढोरांचा डॉक्टर."

"मालूम हाये. ढोराले लावता तसाच हात लावा."

मी पुन्हा हात धुतले. कानाखाली, नसलेल्या जबड्याच्या जागी, गळ्याच्या हाडाशी, बोटांनी सावकाश पाहिलं. शेकाने कातडी चिवट झाली होती. गाठ नव्हती. मी म्हटलं, "काही नाही."

"आज नाही," त्याने दुरुस्ती केली.

"आज नाही," मी म्हणालो. त्याने दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तोंड न झाकताच गाडी बाजाराकडे हाकली.

आमचा रोगी बोलत नाही, म्हणून कॉलेजात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात, आधी हात लावा, मग धन्याला विचारा. माणसाला बोलता येतं, तो आपणहून सांगेलच असं धरून त्याला कोणी विचारत नाही.