रिकामी सम

माझी बंदिश महाडच्या गुरुजींनी चोरली. मी शिष्य, ते गुरू. वही मीच त्यांच्या हातात दिली होती.

मी पोलादपूरच्या बौद्धवाडीतला. बाप पूर्वी खालूबाजात, लग्नावरातीच्या वाजंत्र्यांत, सनई वाजवायचा. धर्मांतरानंतर सनई खाली ठेवली, चाली तोंडात राहिल्या.

चवदार तळ्यामागच्या गल्लीत गुरुजींचं घर. सौदा मीच ठरवला. "अंगण झाडतो, गुरांना गवत आणतो, तुम्ही तासभर शिकवा."

"ओटीवर नको. पायरीवर बस," ते म्हणाले. "तानपुऱ्याला हात लावायचा नाही."

तोटा दिसत होता. तरी कबूल केलं. गाणं हवं होतं. चार वर्षं पायरीवर बसून राग शिकलो. यमन, भीमपलास, सगळं आतल्या पोरांची पाठ बघत.

मग भीमपलासात बंदिश बांधली. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. सगळे तिथं येऊन मिळतात. मी तीच रिकामी सोडली. शब्द एक मात्रा उशिरा. बाप वरातीपुढे कुडपणची घाटी चढत वाजवायचा तेव्हा वाजंत्री तिथंच दम घ्यायचे. ती जागा मी त्याच्या तोंडून उचललेली.

गुरुजी हसले. "गवत वाहणाऱ्याला सम कुठून कळणार? लिहून दे, सुधारतो."

ओटीवरची पोरं खिदळली. मी लिहून दिली.

महिन्याने महाडात गुरुजींची मैफल झाली. मी दाराशी, चपलांजवळ. गुरुजी म्हणाले, "आमची नवी रचना." माझे शब्द. माझी चाल. आणि समेवर थांबले. नेमके तिथंच. लोक म्हणाले, "वा!"

मी उभा राहिलो.

"गुरुजी, सम चुकली ना?"

"खाली बस."

"चार वर्षं खालीच बसलोय. तिथं का थांबलात, ते सांगा."

ते तबलजीकडे बघू लागले. दोघांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी बापाने सगळं ऐकून घेतलं. "तुजी हाय, तर दिलीस कशाला रे?"

मी गवताचा विळा कोपऱ्यात टाकला.

पायरी त्या दिवशी सुटली. आज मी बंदिशी बांधतो, लोक गातात. प्रत्येकीत एक सम रिकामी ठेवतो. वही कोणाला देत नाही.

गुरुजी, तुम्ही अजून त्याच ओटीवर शिकवता. तीच बंदिश, तुमच्याच नावाने. मी येतोय. पायरीवर बसणार नाही. शिष्यांसमोर सांगा, त्या समेवर कोण दम घेतं? सांगता येत नसेल, तर माझ्या बापाचं नाव घ्या. मग माझं. तोवर मी ओटीवरून उठणार नाही.