चतुर्थीला अडकलेले यंत्र

माझी नोकरी न जुळणाऱ्या वस्तू जुळवण्याची होती. साठच्या दशकात भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारी यंत्रे होती. एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात अडकत असे आणि ते काढायला मला बोलावीत. पुढे कार्डे गेली, टेबलावर मावणारे संगणक आले. अडकणे राहिले. फक्त काय अडकले आहे ते आता डोळ्यांना दिसत नसे.

आमचे कार्यालय नागपुरात, सदर भागातल्या एका दुकानाच्या माडीवर होते. आम्ही संगणक विकत नव्हतो, विकलेले चालते ठेवत होतो. विकणारा एकदाच येतो. चालते ठेवणाऱ्याला पुन्हा पुन्हा यावे लागते आणि दर वेळी त्याचे स्वागत थोडे कमी होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी अशी ये-जा इतवारीपलीकडच्या हातमाग विणकरांच्या एका सहकारी संस्थेत सुरू झाली.

संस्था विणकरांना सूत देई आणि त्यांच्याकडून लुगडी घेई. कोणाला कोणत्या नंबरचे सूत द्यायचे याची चिठ्ठी तोवर हाताने लिहिली जात असे. ती आता संगणकाने छापायची होती. काम लहान वाटते. पण बारीक सुताच्या जागी जाडे सूत घरी पोचले, तर दिवाळीच्या तोंडावर त्या घरचा माग बंद राहतो. विणकर चिठ्ठी दोनदा वाचतो ते उगाच नव्हे.

चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी उमरेडची होती. घरचे माग बंद पडले होते, वडील दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजत होते. ती टायपिंग शिकली, मग आमच्याकडे येऊन प्रोग्रॅम लिहायला शिकली. रोज उमरेडहून बसने येई. तिला संस्थेतली ही जागा मिळवून दिली होती तिथल्या व्यवस्थापकांनी. ते निवृत्तीला आलेले, जातीने आणि हाताने विणकर, सर्वांच्या आधी कार्यालयात येणारे. ती त्यांना काकाजी म्हणे.

संचालक मंडळाला संगणक नको होता. त्यांनी अट घातली होती: दसऱ्यापर्यंत चिठ्ठ्या बिनचूक निघाल्या नाहीत, तर यंत्र परत करायचे आणि तिची जागा रद्द करायची. यंत्राचे मला विशेष वाटत नव्हते. यंत्र परत जाते आणि दुसरीकडे चालते. तिला परत जायला काही उरले नव्हते.

गणपती उठले आणि त्याच सुमारास मुंबईहून कम्पायलरची नवी आवृत्ती आली. कम्पायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारे साधन. तिचा प्रोग्रॅम लहान लहान तुकड्यांत लिहिलेला होता. जुन्या आवृत्तीत एक अक्षर बदलले तरी सगळे तुकडे पुन्हा उतरवावे लागत. तेवढ्यात चहा होऊन कपही धुतले जात. नवी आवृत्ती तसे करीत नसे. जो तुकडा बदलला असेल तेवढाच ती नव्याने उतरवी आणि बाकीचे होते तसे जोडून देई. आम्हाला तीच हवी होती, कारण संस्थेने घेतलेला देवनागरी अक्षरे छापणारा प्रिंटर जुन्या आवृत्तीला ओळखत नव्हता.

नवी आवृत्ती बसवली आणि प्रोग्रॅम बिघडला. चिठ्ठीवर नाव एकाचे, माग दुसऱ्याचा, सुताचा नंबर तिसऱ्याचा. मुलीने चूक शोधून दुरुस्त करावी, तरी पुढची चिठ्ठी तीच चूक घेऊन निघावी. मधेच एखादी दुरुस्ती लागू पडे आणि आम्हाला आशा वाटे. मग दुसऱ्या ठिकाणी काही फाटे.

जुनी आवृत्ती परत घातली की पडद्यावर सारे बरोबर दिसे, पण छापता येत नसे. नवी घातली की छापले जाई, पण चुकीचे. यावरून निष्कर्ष स्पष्ट होता: नव्या आवृत्तीचा आणि तिच्या प्रोग्रॅमचा मेळ बसत नाही. मी जुन्या-नव्याच्या शक्य तेवढ्या जोड्या लावून पाहिल्या. मुंबईला ट्रंककॉल लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे तर चालतंय." मी फोन ठेवला.

एक वयस्कर संचालक मधून मधून येऊन खुर्चीच्या मागे उभे राहत. तंबाखू मळता मळता पडदा पाहत.

"काय म्हणते साहेब तुमचं मशीन?"

"कम्पायलरची आवृत्ती नवी आहे. जुन्या कामाशी तिचे जमत नाही, असे दिसते."

"म्हणजे नवी सून आली न घरच्या भांड्याइले हात लावत नाही."

"तसेच काहीसे."

"मंग माहेरी पाठवा तिले."

व्यवस्थापक आपल्या टेबलावरून म्हणाले, "सुनेले कोणी नाही पाठवत जी. पोरीले पाठवतीन."

मुलगी टाइप करीत राहिली. संचालकांनी तंबाखू तोंडात टाकली आणि ते बाहेर गेले.

उकाडा होता. दुपारी बहुधा वीज जाई. नागपुरात त्याला लाइन जाणे म्हणतात. लाइन गेली की संगणक बंद, लाइन आली की पुन्हा पहिल्यापासून. व्यवस्थापक त्या वेळी सुताच्या गोदामात असत. मी सदरची कामे उरकून स्कूटरने साधारण त्याच सुमारास पोचत असे आणि अंधारात बसलेल्या त्या मुलीशी दोन शब्द बोलून लाइनीची वाट पाहत असे. अशाच एका दुपारी ती म्हणाली,

"साहेब, एक सांगू? हसू नका."

"मी हसत नाही."

"ते तं मले माहीत आहे." मग ती म्हणाली, "हे मशीन सकाळी माझं ऐकत नाही. सकाळी दुरुस्त केलेलं लागतच नाही. दुपारी लाइन जाऊन आली, का तेच पुन्हा टाइप केलेलं लागते."

"रोज?"

"लाइन गेली त्या दिवशी. काल लाइन गेलीच नाही. काल दिवसभर रुसून होतं."

मी ते मनात ठेवले. दोन आवृत्त्या एकमेकींशी जुळत नसतील तर त्या सकाळीही जुळणार नाहीत आणि दुपारीही. वेळ पाहून त्या भांडत नाहीत. सकाळ आणि दुपार यांत काहीतरी वेगळे घडत होते आणि सकाळी मी तिथे कधीच नसे.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालय उघडण्याच्या वेळी गेलो. उमरेडची बस यायची होती. व्यवस्थापक एकटेच होते. त्यांनी यंत्रावरचे कापड काढून घडी घातली. निरांजन लावले. पडद्याच्या कडेला हळदीकुंकू वाहिले, एक झेंडूचे फूल ठेवले. मग बटण दाबले. हे सारे ते रोज करीत आणि मुलगी येईपर्यंत यंत्र सुरू करून ठेवीत, एवढे मला ऐकून माहीत होते.

त्या काळच्या आमच्या यंत्रांना स्वतःचे घड्याळ नसे. सुरू केले की ते आधी विचारी, आज तारीख काय. बहुतेक ठिकाणी लोक उत्तर न देता पुढे जात आणि यंत्र आपल्या मनाने एक जुनीच तारीख धरून चाले. त्यामुळे फाइलींपुढे दिसणाऱ्या तारखांवर आम्ही कोणी विश्वास ठेवीत नसू. चिठ्ठीवरही तारखेची जागा शिक्क्यासाठी कोरी होती. व्यवस्थापकांनी मात्र उत्तर दिले. एका बोटाने, सावकाश, आकडा आकडा पाहून तारीख टाकली. मी मागे उभा होतो. ती तारीख गणेश चतुर्थीची होती. चतुर्थी उलटून साडेतीन आठवडे झाले होते.

"ही आजची तारीख नाही."

"माहीत आहे मले."

"मग का टाकलीत?"

त्यांनी फूल थोडे सरकवले. "पितरपाख चालू आहे भाऊ. पितरपाखात कोणी नवा माग मांडते काय? पोरीचं पहिलंच काम आहे. मशीन तारीख लिहून ठेवते, हे तुम्हीच सांगतलं होतं. म्हटलं, तिच्या कामावर गणपतीची तारीख राहू द्या."

"पितृपक्ष लागल्यापासून हेच करता आहात?"

"हाव. रोज."

मी खुर्ची ओढून बसलो. मला राग आला नाही. राग यायला काही बळ शिल्लक लागते.

कारण आता साधे होते. तुकडा बदलला आहे की नाही, हे ती नवी आवृत्ती तारखेवरून ठरवीत होती. लिहिलेल्या मजकुराची तारीख त्याच्या उतरवलेल्या प्रतीपेक्षा पुढची असेल तर तो पुन्हा उतरवायचा, मागची असेल तर हात लावायचा नाही. मुलगी सकाळी जे दुरुस्त करी त्यावर चतुर्थीची तारीख पडे. त्या तुकड्याची आधीची उतरवलेली प्रत असे अलीकडच्या एखाद्या दुपारची. यंत्राच्या दृष्टीने दुरुस्ती जुनी आणि चूक नवी. ते चूक ठेवून घेई. दुपारी लाइन जाऊन आली की व्यवस्थापक गोदामात असत, मुलगी स्वतः खरी तारीख टाकी आणि तेवढ्यापुरते काम लागू पडे. अर्धे तुकडे नवे, अर्धे जुने. म्हणून नाव एकाचे आणि माग दुसऱ्याचा. जुन्या आवृत्तीला तारखेशी कर्तव्यच नव्हते, ती सारेच उतरवी. दोन्ही आवृत्त्या निर्दोष होत्या.

हे मी व्यवस्थापकांना सांगितले. बस आली, मुलगी आली, तिलाही सांगितले. ती आधी माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे पाहत राहिली.

"काकाजी," ती म्हणाली, "म्हणजे मी रोज उमरेडहून याव, न तुम्ही मले मोदक खायले मागं पाठवून राहिले होते."

ते हसले नाहीत. "तुह्या भल्यासाठीच केलं वं," एवढेच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आता काय करा लागते?"

"खरी तारीख टाकायची. उतरवलेले सगळे तुकडे मिटवायचे आणि पहिल्यापासून पुन्हा बनवायचे. दुपारपर्यंत होईल."

"आज?"

मुलगी हळूच म्हणाली, "साहेब, परवा घट बसतात."

मंडळाची बैठक त्यानंतर होती. यंत्राला दोन दिवसांनी फरक पडणार नव्हता. वाद घालता आला असता. मी स्कूटर काढली आणि सदरला परत गेलो.

बैठक सतरंजीवर भरली. छापलेल्या चिठ्ठ्या हातोहात फिरल्या. प्रत्येक संचालक आधी आपल्या घरची चिठ्ठी शोधी आणि मग शेजाऱ्याची पाही. तंबाखूवाल्या संचालकांनी आपली चिठ्ठी लांब धरून वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि खाली ठेवली.

"नंबर बरोबर आहे. माग बरोबर आहे." मग म्हणाले, "पण इतके दिवस बिघडलं कशानं होतं? हे कळलं पाहिजे. कंपनीनं बिघडवलं का पोरीनं? आज बरोबर आलं, उद्या पुन्हा बिघडलं तं आम्ही दिवाळीत कोणाच्या तोंडाकडे पाहाव?"

प्रश्न योग्य होता. मुलीने मान खाली घातली. मी सांगायला सुरुवात करणार तोच व्यवस्थापक उठून उभे राहिले.

"मी बिघडवलं," ते म्हणाले. आणि त्यांनी सगळे सांगितले, निरांजनापासून चतुर्थीच्या तारखेपर्यंत. सांगताना ते कोणाकडे पाहत नव्हते. या संस्थेत त्यांचे केस पांढरे झाले होते.

मला वाटले होते की मंडळी हसतील. पण त्या सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणीही पितृपक्षात माग मांडला नसता. त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. त्यांना दुसरेच काही दिसले.

"म्हणजे," ते संचालक म्हणाले, "खरं पाहिलं तं काम पितरपाखातच चालू झालं म्हणा."

ही अडचण माझ्या कक्षेतली नव्हती. तिच्यावर कोणताही कम्पायलर चालत नाही.

मुलगी उठली. "नाही जी," ती म्हणाली. "ते सगळं मिटवलं. घट बसले त्या दिवशी पहिल्यापासून बनवलं. त्याच्यात जुना एकही तुकडा राहिला नाही." तिने छापून आणलेली फाइलींची यादी पुढे केली. प्रत्येक ओळीपुढे घटस्थापनेची तारीख होती.

संचालकांनी ती यादी माझ्याकडे सरकवली. "खरं आहे काय साहेब?"

"खरे आहे."

"मंग ठीक आहे." त्यांनी इतरांकडे पाहिले, माना हलल्या. यंत्र राहिले आणि तिची जागा राहिली. उठता उठता ते व्यवस्थापकांना म्हणाले, "तुम्ही निरांजन लावत जा जी. तारीख पोरीले टाकू द्या."

आता सगळे हसले. व्यवस्थापकही हसले, पण थोडे उशिरा.

त्यानंतर ते यंत्राला हात लावीत नसत. पहिल्यासारखेच सर्वांच्या आधी येत, कापडाची घडी घालीत, निरांजन लावीत, फूल ठेवीत. मग खुर्चीवर बसून बसची वाट पाहत. मुलगी आली की विचारीत, "आज काय तारीख आहे वं?" दिनदर्शिका त्यांच्या डोक्यावरच टांगलेली होती. ती तारीख सांगे, तेच आकडे टाइप करी, आणि ते मान हलवीत.

पुढच्या वर्षी कम्पायलरची आणखी एक आवृत्ती आली. पुन्हा काहीतरी जुळेना, पुन्हा मला बोलावणे आले. या वेळी मी सकाळीच गेलो. निरांजन लावलेले होते, यंत्र बंद होते. व्यवस्थापकांनी मला खुर्ची दिली. उमरेडची बस त्या दिवशी उशिरा होती. आम्ही दोघे बसून राहिलो.