सुकं की पातळ

"कोबी कुठाय? त्या बाईला विचारा, कोबी कुठाय!"

ताईच्या या ओरडण्यानं आमच्या भुईगावच्या वाडीतले कावळे उडाले, केळीचं एक पान उभं फाटलं आणि समुद्र दोन पावलं मागे सरकला. शेजारी म्हणतात ओहोटीची वेळ होती. शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना आमच्या घरातलं काहीच मोठं बघवत नाही.

जिला कोबीचा जाब विचारला जात होता ती बाई फिनलंडमध्ये होती. फिनलंडच्याही इतक्या वरच्या अंगाला, की तिथून उत्तर ध्रुव म्हणजे आपलं भुईगावहून शेजारचं कळंब. बंदराचं गाव, हिवाळ्यात दुपारीच दिवे लागतात. ती आपल्या छोट्याशा चिनी हॉटेलात हातात झारा घेऊन उभी होती. तिच्यासमोर मोबाईल धरून ताईचा जावई उभा, आणि मागच्या टेबलावर कोटाची टोपी कपाळापर्यंत ओढून, नाकावर हात दाबून बसलेली माझी भाची. तिच्यापुढे वाडगा. वाडग्यात लाल तेल, तेलात माशाचे तुकडे, वर मूठभर मिरच्या. कोबी खरंच नव्हता.

आता तुम्ही विचाराल, ध्रुवाशेजारच्या बाईकडे वसईची माणसं कोबी का मागत होती? तर भाची पोटुशी होती. सहावा महिना लागला तरी तिच्या पोटात अन्न ठरेना. तिथल्या नर्सबाईनं सांगितलं होतं की पुढच्या खेपेपर्यंत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून घेऊ आणि सलाइन लावू. ताईचा व्हिसा बाळंतपणाच्या सुमाराचा, त्याआधी तिला जाता येत नव्हतं. आणि पोरीला जगातली एकच गोष्ट खावीशी वाटत होती, ती म्हणजे तुळिंजच्या गाडीवरचं ट्रिपल शेजवान. भात, नूडल्स, ढीगभर कोबी, वर कुरकुरीत तळलेलं काहीतरी आणि सगळ्याला लग्नातल्या कुंकवासारखा लाल रंग.

यातली गंमत अशी की ताईनं त्या गाडीशी उभा जन्म वैर केलेलं. ती राहते मनवेलपाड्याला, पोरीचं कॉलेज नालासोपाऱ्याला, आणि गाडी नेमकी वाटेत. त्या कढईतलं तेल पोर्तुगीज जाताना विसरून गेलेत, असं ताई सांगायची. आता तीच ताई रोज संध्याकाळी माहेरी येऊन आमच्या ओटीवर बसायची आणि त्याच तेलासाठी देवाला हात जोडायची.

तिला आणखी घाबरवण्याचं काम आमच्या आत्यानं अंगावर घेतलं होतं. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते, हा आत्याचा कायदा. तिच्या एका जावेला ऐन श्रावणात खाडीतली निवटी मासळी खावीशी वाटली, सासूनं दिली नाही. तो मुलगा आज मोठ्या बँकेत साहेब आहे आणि सही करताना अजून हनुवटीखाली रुमाल धरतो. मी त्याला पाहिलंय. रुमाल पाहिला नाही, पण त्याच्या खिशात काहीतरी फुगलेलं होतं हे नक्की.

तेव्हा हॉटेल शोधण्याची कामगिरी माझ्याकडे आली, कारण मी एकदा बँकॉकला जाता जाता राहिलो होतो आणि घरात परदेशाबद्दल माझाच शब्द चालतो. मी मोबाईलवर त्या गावाचा नकाशा उघडला आणि 'आशियाई हॉटेल' असं शोधलं. वाटलं होतं, त्या बर्फात एखादं निघालं तर निघालं. निघाली डझनभर. ध्रुवावर आशिया एवढा पसरलाय याची भूगोलाच्या मास्तरांनी आम्हाला कधी कल्पनाच दिली नव्हती.

आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला. पहिल्या आशियाई हॉटेलाचा मालक तुर्कस्तानचा. त्यानं पोरीसमोर अननस घातलेला पिझ्झा ठेवला. तुर्कस्तान आशियात येतं का यावर आमच्या ओटीवर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. आत्याचं मत पडलं की अननस येतो, म्हणजे येत असणार. दुसरं हॉटेल थाई. तिथं नारळाच्या दुधातलं हिरवं काहीतरी आलं. ते पाहून ताई म्हणाली की नारळाचा रस काढायला आपली वाडी काय वाईट आहे? तिसऱ्या ठिकाणी भाताच्या गोळीवर कच्चा मासा आला. आमच्याकडे कच्चा मासा फक्त मांजर खातं, तेही त्याला कोणी हाकललं नाही तर. भाची तिथून धावत बाहेर पडली आणि बर्फात बसली.

आम्हीही आशियातच राहतो, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं. पण मग या सगळ्यांशी आमचं नातं काय, हे काही केल्या बसेना. मी आत्याला विचारलं, आपण आशियाई का? ती म्हणाली, तुझे वडील तरी तसं कधी बोलले नव्हते.

जावयाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. पोरगा घाटावरचा. भला, हळू बोलणारा, बायकोसाठी बर्फ तुडवणारा. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा ताईनं त्याला विचारलं होतं, सुकं चालेल ना? त्याच्या गावाकडे सुकं म्हणजे सुकं मटण. तो लाजत म्हणाला, भरपूर वाढा. आणि आमच्याकडे सुकं म्हणजे सुकी मासळी, दुसरं काही नाहीच. बोंबील, कोळंबीचे सोडे, जवळा. ताईनं त्याच्या ताटात सुक्या बोंबलांचा असा ढीग लावला की पलीकडे बसलेली नवरी दिसेना. बिचाऱ्यानं एकही काडी टाकली नाही. तेव्हापासून सासरच्या मुलखातल्या कोणाच्याही तोंडून सुकं हा शब्द आला की त्याचा अर्थ काय, हे त्याच्या हाडामासात शिरलेलं आहे.

तर असा शोधत शोधत तो त्या चिनी बाईपाशी पोचला. मालकीणही तीच आणि आचारीही तीच. त्यानं विचारलं, शेजवान आहे का? बाईनं झारा स्वतःच्या छातीवर आपटला आणि सांगितलं की ती शेजवानचीच आहे. तिथंच जन्मली, तिथंच चूल शिकली.

आमच्या ओटीवर आनंदीआनंद झाला. शेजवान हे चीनमधल्या मुलखाचं नाव आहे हे त्या क्षणापर्यंत आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तर ते मसाल्याच्या कंपनीचं नाव समजत होतो. खुद्द शेजवानची माहेरवाशीण भेटली म्हटल्यावर आता कसली चिंता? आत्यानं देवापुढे साखर ठेवली.

आणि मग तो वाडगा आला. भाचीनं एक घास घेतला आणि तिची जीभ बधिर झाली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेव्हा ताईनं कोबीचा तो जाब विचारला. लाल रंग कुठाय, कुरकुरीत कुठाय, असं बरंच विचारलं. जावयानं त्यातलं अर्धं गिळून, उरलेलं इंग्रजीत त्या बाईला सांगितलं, आणि शेवटचा उपाय म्हणून तिला मोबाईलमधला जुना फोटो दाखवला. तुळिंजच्या गाडीवरचं ट्रिपल, वाफेसकट.

बाईनं चष्मा लावून फोटो पाहिला. मोठा करून पाहिला. मग काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत," जावई म्हणाला, "हे कुठल्या देशाचं जेवण आहे?"

"त्यांच्याच," ताई म्हणाली. "त्यांना सांगा, तुमच्याच देशाचं."

बाई पुन्हा फोटोकडे बघत राहिली. मला तिची फार दया आली. उद्या कोणी मला भुईगावची म्हणून निळ्या रंगाची पुरणपोळी दाखवली तर मी काय करीन? पण ताईला दया यायची सोय नव्हती. पलीकडे तिची पोर उपाशी रडत होती आणि अस्सल शेजवानच्या बाईला शेजवान येत नव्हतं. अस्सल नेमकं कुठं मिळतं मग? मी डोकं धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईनं मला स्कूटर काढायला लावली आणि आम्ही तुळिंजला गेलो. ज्या गाडीवरून जाताना ती नाकाला पदर लावायची, त्या गाडीपुढे ती गर्दीत कोपरं मारत जाऊन उभी राहिली. गाडीवर ड्रॅगन रंगवलेला आहे, पण पेंटर आपल्याच किनाऱ्यावरचा असावा, कारण ड्रॅगनचं तोंड थेट घोळ माशाचं आहे. गाडीवाला खाडीकाठच्या आगरी घरातला, आडवा बांधा, आवाज असा की भोंग्याची गरज नाही.

ताईनं मुलीचं वर्णन केलं. चष्मा, लांब वेणी, कॉलेजची बॅग. त्याला आठवेना. मग एकदम तो हसला.

"ती व्हय? घरून चमचा आनायची ती?"

"कसला चमचा?"

"सोताचा. आई म्हनते गाडीवरचे चमचे घान असतात, असं सांगायची. आईचा शब्द मोडला नाय पोरीनं. जेवायची पन इथंच."

ताईनं पदर कमरेला खोचला. मी ड्रॅगनकडे बघत राहिलो. मग तिनं त्याला सगळं सांगितलं आणि विनवलं की त्या बाईला फोनवर कृती सांग. त्याला आधी हे पटेना की चीनच्या बाईला चायनीज येत नाही. पण पटल्यावर त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण उडून मंचुरियनमध्ये पडलं. ते कोणाच्या प्लेटीत गेलं ते मी सांगणार नाही.

फोन लागला. पलीकडे जावई, बाई, कढई, आणि मागे टोपी ओढलेली भाची. अलीकडे भर्रर करणारा बर्नर, समोर रिक्षांचे हॉर्न, आणि गाडीवाला माझ्या मोबाईलमध्ये तोंड घालून. ट्रिपलवर लोक पातळ रस्सा ओतून घेतात. पण ही पोर रस्सा घेत नसे, तिला ते कोरडंच लागायचं, हे त्याला बरोबर आठवलं होतं. म्हणून तो जिवाच्या आकांतानं सांगत होता.

"पातल नको! पोरीला सुकं लागतं, सुकं! भरपूर!"

पातळ नको हे शब्द एका रिक्षानं गिळले. ध्रुवापर्यंत पोचले ते फक्त दोनच, सुकं आणि भरपूर.

जावयानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी नीट समजल्याचं समाधान दिसलं. तो बाईकडे वळून इंग्रजीत म्हणाला, सुकी मासळी घाला, भरपूर. आम्हाला इकडे बर्नरच्या आवाजात ते ऐकूच आलं नाही. एवढं मात्र दिसलं की आदल्या दिवशी एकदाही न हसलेली ती बाई हसली आणि लगबगीनं आत गेली. मग जावयानं मोबाईल कुठंतरी टेकवला आणि आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं. छताला लाल कंदील, आणि खालून चर्रर असा आवाज.

गाडीवाल्यानं मोबाईल कानाला लावला, डोळे मिटले.

"आवाज बरोबर हाय," तो म्हणाला.

छताकडे बघत आम्ही उभे राहिलो. ताईच्या हाताची बोटं माझ्या दंडात रुतली होती. खूण अजून आहे, कोणाला बघायची असेल तर बाही वर करतो. मग मोबाईल हलला, टेबल दिसलं, भाची दिसली. तिच्यापुढे भात होता, लसूण-मिरचीत परतलेला, आणि त्यात गुलाबी गुलाबी काहीतरी वळलेलं. तिनं नाकावरचा हात काढला. वाकून वास घेतला. मग चमचा उचलला, आणि त्यानंतर बराच वेळ आम्हाला फक्त तिच्या टोपीचा शेंडा दिसत होता, खाली वर, खाली वर.

"कसं आहे गं शेजवान?" ताईनं अगदी हळू विचारलं.

"आई, यात सोडे आहेत."

"काय आहेत?"

"सोडे. आपले असतात तसले. तिला विचारा ना, अजून भात मिळेल का."

भात मिळाला. दुसऱ्या दिवशीही मिळाला, नंतर रोजच. पुढच्या खेपेला नर्सबाईनं काटा पाहिला आणि सलाइनचं नाव काढलं नाही. मधल्या काळात आमच्या ओटीवर सोड्यांचा तपास चालू राहिला. जावई शपथेवर सांगत होता की तुम्हीच सुकं म्हणालात. ताई म्हणत होती की मी तोंडच उघडलं नव्हतं. आत्या म्हणाली की पोटातल्याला पहिल्यापासून सोडेच हवे होते, पोरीला उगाच शेजवान वाटलं. मी तीन रात्री विचार केला. डोहाळे चायनीजचे, चूल चीनच्या बाईची, कृती आगऱ्याची, चूक घाटावरच्या जावयाची आणि चव आमच्या घरची. पोरीनं खाल्लं ते कुठलं, हे मला आजही सांगता येत नाही. मी कोणाला गोष्ट सांगताना ते कधी चिनी म्हणतो, कधी आपलं म्हणतो, समोरचा कोण आहे ते बघून.

वजन वाढल्याचा फोन आला त्याच संध्याकाळी ताई गाडीवाल्याला सांगायला गेली, वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन. मी मागे होतोच. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुक्याचं सुकं कसं झालं, सोडे कसे पडले, पोर कशी जेवली, वजन कसं वाढलं. तो कढई हलवत ऐकत होता. सोड्यांपाशी त्याचा हात जरा थांबला.

"मग ते चायनीज नाय झालं, ताई," तो म्हणाला. "ते जेवन झालं."